नववा नियम

गुरांच्या दवाखान्याचा वास काही केल्या जात नव्हता. दोनदा फिनेल टाकून झालं, उदबत्तीचा अख्खा पुडा संपला, तरी उपसंचालक तुंगार साहेब नाकाला रुमाल लावूनच व्हरांड्यात उभे होते.

"भोसेकर, शाळेसाठी दुसरी इमारत नाही मिळाली तुम्हाला?"

"अकरा वर्षांत ही मिळाली, साहेब. दुसरीसाठी थांबलो असतो तर माझ्या पेन्शनीचे कागद आधी आले असते."

साहेब हसले नाहीत. अंगणात गुरांना सुई टोचायचा लोखंडी खोडा तसाच उभा होता. तो उपटायला माणसं लावली होती. पण खालचं काँक्रीट इतकं पक्कं, की दोन दिवस पहार चालवून त्यांनी नाद सोडला. खोड्याभोवती एकसष्ट मुलं आणि त्यांचे आईबाप सकाळी आठपासून बसले होते. त्यातली वीस शाळेत घ्यायची होती.

शासकीय निवासी कला विद्यालय. राहणं, जेवण, कागद, रंग, सगळं सरकारी खर्चानं. पोराच्या हातात कला असली की झालं, बाप कोण हे विचारायचं नाही, ही माझी अट. अकरा वर्षं मी या एका फायलीमागं एसटीनं फिरलो. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मी चित्रकला शिकवायचो आणि स्टाफरूममध्ये मला 'फायलवाले' म्हणायचे. शेवटी मंजुरी आली. प्रभारी मुख्याध्यापक म्हणून माझ्या नावाचा आदेश टाइप होऊन तुंगार साहेबांच्या बॅगेत आला होता. सही तेवढी राहिली होती. निवड झाली की करू, म्हणाले.

व्हरांड्याच्या शेवटच्या खांबाशी दुर्गी विटकर आणि तिची आई नागूबाई बसल्या होत्या. दुर्गी माझ्या सातवी 'ब'मधली. वडाराची पोर. पालं ओढ्यापलीकडं. बाप खाणीवर, आणि आई दारोदार पाट्या-वरवंट्याला टाकी लावत फिरायची. गावात मिक्सर आले होते, तरी जुन्या घरांतून ती अजून लागायची. मला बघून नागूबाईनं पदर पुढं ओढला आणि नेहमीसारखी खांबाकडं तोंड करून बसली.

"सर, सकाळधरनं पोटात पानी न्हाई पोरीच्या," ती खांबालाच म्हणाली.

"घाबरायचं नाही," मी दुर्गीला म्हणालो. "रोज काढतेस तसं काढायचं."

"व्हय सर."

आता हे सांगायला हवं, की ही शाळा माझ्या मनात अकरा वर्षं होती, पण तिला चेहरा दुर्गीनं दिला. पाचवीत असताना तिनं खडूनं फरशीवर एक म्हातारं गाढव काढलं होतं. गाढवाच्या पाठीवर काही नव्हतं, पण ते दमलेलं दिसत होतं. मी आर्ट मास्टरची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेला माणूस. मला असं गाढव जन्मात जमलं नसतं. मला तिचा हेवा वाटला. त्यानंतर मी तिला कागद देऊ लागलो, मऊ पेन्सिली देऊ लागलो, आणि मंत्रालयातल्या कारकुनांपुढं बोलताना 'आमच्याकडे अशी मुलं आहेत' म्हणायचो तेव्हा मला ती एकटीच दिसायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा चित्रकलेच्या मास्तरांना एक खोड असते. स्पर्धेला चित्र पाठवायचं म्हटलं की पोराच्या कागदावर आपण जरा हात मारायचा. नाक सरळ करायचं, सावली जुळवायची, राहिलेली बोटं पुरी करायची. यात कुणाला गैर वाटत नाही. गणिताचा मास्तर उत्तर सांगत नाही, पण आम्ही सांगतो. आमच्या जिल्ह्यात एका वर्षी बालचित्रकलेची नऊ बक्षिसं आली आणि त्यातल्या सात चित्रांतल्या बायकांची नाकं एकाच बाईची असावीत तशी होती. सातही नाकं माझी. मी ते लोकांना हसत सांगायचो.

म्हणूनच शाळेची नियमावली लिहायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा नववा नियम मी घातला. सावकाराच्या पोराला मास्तर चित्र काढून देईल आणि माझी दुर्गी मागं पडेल, ही भीती. नियम असा होता: सादर केलेल्या चित्रात विद्यार्थ्याखेरीज कोणाचाही हात लागल्याचे आढळल्यास प्रवेश मिळणार नाही. मात्र संबंधित शिक्षकाने तसे लेखी कबूल केल्यास विद्यार्थ्याचा विचार केवळ प्रत्यक्ष चाचणीवर करावा, आणि त्या शिक्षकाचा संस्थेशी पुढे कोणताही संबंध राहू नये. दुसरं वाक्य लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि तरी, निवडीसाठी आधी मागवलेली चित्रं पोस्टात टाकायच्या आधीच्या रविवारी दुपारी दुर्गीचे पाच कागद टेबलावर पसरून मी बसलो. चौथा कागद तिच्या आईचा होता. पाट्यापुढं उकिडवी बसलेली, एका हातात टाकी, दुसऱ्यात हातोडी, तोंड वर केलेलं. मान, खांदे, मनगटावरच्या शिरा. बघतच राहावं असं. फक्त डावा डोळा राहिला होता. उजवा स्वच्छ काढलेला, आणि डाव्याच्या जागी अंगठ्यानं फासलेला नुसता डाग. घाईत राहिला असणार. विचारावं तर आईबापाबरोबर ती आठ दिवस म्हसवडच्या बाजूला कामाला गेलेली, आणि मंगळवार शेवटची तारीख. पुण्यामुंबईचे परीक्षक म्हणतील, चेहरा येत नाही पोरीला. मी रबर घेतलं, डाग पुसला, आणि उजव्याला जोडीदार असा डोळा काढून दिला. पापणी, बुबुळ, त्यात उजेडाचा ठिपका. चार-पाच मिनिटं लागली असतील. मग पेन घेऊन खालच्या दाखल्यावर सही केली: सदर चित्रे विद्यार्थिनीने स्वहस्ते काढलेली आहेत. जित्याची खोड म्हणतात ती ही.

चाचणी दहाला सुरू झाली. समोर दिसेल ते काढा, असा विषय पुण्याहून आलेल्या किर्तने मॅडमनी दिला. सत्तरीच्या बाई, पांढरं सुती पातळ, बोलणं कमी. मुलांनी झाडं काढली, डोंगर काढले, काहींनी समोर नसलेली मोटार आणि मोरही काढला. दुर्गी अंगणातल्या खोड्यापुढं मांडी घालून बसली आणि दीड तास उठली नाही.

दुपारी आतल्या खोलीत आम्ही तिघं कागद बघत होतो. मॅडमनी दुर्गीचा खोडा हातात धरला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

"इथं लोखंड गुळगुळीत झालंय, बघा. माना घासून घासून. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही हे." मग तुंगार साहेबांना म्हणाल्या, "ही मुलगी पहिली. बाकीचे एकोणीस तुम्ही काहीही ठरवा, मी भांडणार नाही."

माझे डोळे भरून आले. मी तोंड पुसायच्या निमित्तानं रुमाल काढला. अकरा वर्षांचं चीज झालं, असं अगदी तसंच्या तसं वाटलं.

"हिनं आधी पाठवलेली चित्रं द्या," मॅडम म्हणाल्या. मी दिली. त्या ती घेऊन व्हरांड्यात उजेडाला गेल्या. परत आल्या तेव्हा चौथा कागद वर होता.

"भोसेकर, खांबापाशी बसल्यात त्या या मुलीच्या आई ना?"

"हो."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"म्हणजे काय! तीन वर्षं येतेय ती शाळेत. आमच्या घरचा पाटाही तिच्याकडंच असतो."

"या इकडं."

त्या मला खिडकीशी घेऊन गेल्या. शिपायानं सगळ्यांना चहा दिला होता. नागूबाईनं बशी तोंडाला लावायला पदर मागं सारला होता आणि तोंड उन्हाकडं होतं. चित्रातलंच तोंड. फक्त डावा डोळा नव्हता. पापणी आत ओढून चिकटलेली, जुनी जखम, वर काळपट डाग. दगडाची कपची उडून गेलेला असणार. टाकीच्या कामात जातो कुणाकुणाचा.

तीन वर्षं ती माझ्याशी दाराच्या आडून, खांबाकडं बघत बोलली होती. मी पोरांना आयुष्यभर एकच सांगत आलो होतो: नीट बघा, मग काढा.

"मुलीची पेन्सिल मऊ आहे," मॅडम टेबलाशी येऊन म्हणाल्या. आवाज वाढवला नव्हता. "हा डोळा कडक पेन्सिलीनं काढलाय. इथं कागद खरवडलाय. आधी होतं ते पुसलंय कुणीतरी. तिनं आईचा गेलेला डोळा काढला होता, आणि कुणी शहाण्यानं तो बरा करून ठेवला."

तुंगार साहेबांनी नियमावली उघडली आणि नववा नियम मोठ्यानं वाचला. दोन्ही वाक्यं.

"चांगला आहे नियम. कुणी घातला हा?"

"मी," मी म्हणालो.

"बरं केलंत. नाहीतर कुंपणच शेत खायचं."

मॅडमनी एक कोरा फुलस्केप काढून माझ्यापुढं ठेवला. "दाखल्यावर तुमची सही आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही लिहायचं असेल तर लिहा. दोन ओळी पुरेत. मुलगी पहिली राहील."

मी पेनाचं टोपण काढलं. हे मी खोटं सांगत नाही, काढलं. आणि मग मनात सुरू झालं: मी गेलो तर शाळेचं काय? कुणा पुढाऱ्याचा मेहुणा येऊन बसेल त्या खुर्चीवर. फायलीतली खाचखोच कुणाला ठाऊक आहे? आज एका पोरीसाठी लिहिलं तर उद्याच्या दोनशे पोरांचं कोण बघेल? यातलं एकही खोटं नव्हतं, आणि तेच मला फार सोयीचं झालं. साहेबांच्या बॅगेचा बंद सुटलेला होता आणि आत माझ्या आदेशाचा कागद दिसत होता. मी त्या कागदाकडं बघत होतो.

"अहो, मुलीलाच विचारू ना," साहेब कंटाळून म्हणाले. "अजून एकोणीस नावं ठरवायचीत."

दुर्गी आली. हात मागं बांधून उभी राहिली. मॅडमनी चित्र तिच्याकडं फिरवलं. तिनं ते पोस्टात गेल्यापासून पहिल्यांदाच बघितलं होतं.

"हा डोळा कुणी काढला, बाळ?"

दुर्गी चित्राकडं खूप वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं. तिच्या नजरेत राग नव्हता. वर्गात एखादं उत्तर येत नसलं की पोरं मास्तरच्या तोंडाकडं बघून उत्तर काय असेल याचा अंदाज घेतात, तशी ती बघत होती. माझं तोंड बघून तिला काय उत्तर मिळालं ते मला कळलं. मी तोंड फिरवायला हवं होतं.

"मीच," ती म्हणाली.

"तुझ्या आईला असा डोळा आहे?"

"न्हाई."

"मग?"

तिनं पुन्हा चित्राकडं बघितलं.

"हे बघ, खरं सांगितलंस तर आम्हाला तुला घेता येईल. कुणी काढून दिला?"

"कुनी न्हाई. मीच काढलाय."

मॅडमनी मान माझ्याकडं वळवली. "भोसेकर?"

मी पेनाला टोपण लावलं.

"पोरं कधीकधी घरी कुणाकडून तरी करून घेतात," मी म्हणालो. "एखाद्या मोठ्या भावाबिवाकडून."

दुर्गीला भाऊ नव्हता. तिनं तेही खोडून काढलं नाही. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं, पण सही माझी होती आणि बोलायचं माझंच राहिलं होतं. तुंगार साहेबांनी लाल पेननं दुर्गीच्या नावापुढं लिहिलं: अपात्र, नियम ९. मग एकदा दुर्गीकडं बघून म्हणाले, "एवढीशी पोर आणि किती सराईत खोटं बोलते."

संध्याकाळी माझ्या आदेशावर सही झाली. त्या शाळेचा मी चौदा वर्षं मुख्याध्यापक होतो. आमची मुलं मुंबईला गेली, एक दोघं परदेशातही पोचली. मी निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि सरस्वतीची पितळी मूर्ती मिळाली. विसावी जागा लाकडाच्या वखारवाल्याच्या मुलाला गेली. त्याच्या पाचही चित्रांवर त्याच्या मास्तरचा हात होता, मला तो लांबून ओळखू आला. कुणी तक्रार केली नाही, मीही नाही. किर्तने मॅडम पुन्हा कधी आल्या नाहीत. दर वर्षी निवडीचं आमंत्रण पाठवायचो, दर वर्षी पोस्टकार्डावर नकार यायचा. दुर्गी वार्षिक परीक्षेपर्यंत माझ्या तासाला बसली. कागद दिला की घ्यायची आणि कोरा परत द्यायची. जूनमध्ये ओढ्यापलीकडची पालं उठली. कुणी म्हणालं क्रशरवर गेले, कुणी म्हणालं कर्नाटकात.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी बायकोला विचारलं, "नागूबाईला एक डोळा नाही, हे तुला माहीत होतं?"

ती पीठ मळत होती. "दहा वर्षं येते ती आपल्याकडं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

पण त्याआधी पाच वाजता व्हरांड्याच्या पायरीवर जे झालं, ते मी बायकोलाही सांगितलं नाही.

यादी लागली होती. ज्यांची नावं होती ते पेढे आणायला पळाले, ज्यांची नव्हती ते स्टँडकडं निघाले. शिपायानं नापास मुलांचे कागद ज्याचे त्याला परत दिले. नागूबाई मला शोधत पायरीपर्यंत आली. मागं दुर्गी.

"सर, न्हाई झालं म्हनं पोरीचं?"

"नाही झालं. पुढच्या वर्षी बघू."

"काय चुकलं?"

"नियमात बसलं नाही."

तिला यातलं काही कळलं नसावं. तिनं दुर्गीच्या हातातले कागद घेतले आणि एकेक बघू लागली. तोपर्यंत तिनं ते बघितलेच नव्हते. दुर्गी शाळेतच काढायची आणि मी कपाटात ठेवायचो. चौथ्या कागदाशी ती थांबली. एका डोळ्यानं नीट दिसावं म्हणून मान कलती करून तिनं तो उजेडात धरला.

"आगं बया! ही मी व्हय?" ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. "आन् दोन्ही डोळं दिलंस की गं मला!"

दुर्गी खाली पायरीकडं बघत होती.

"बघा की सर, पोरीला वाटलं आसंल, आयला दुसराबी आसावा." तिनं चित्रातल्या त्या डोळ्यावरून, माझ्या डोळ्यावरून, दगडानं घट्टे पडलेलं बोट हळूच फिरवलं. मग तिचं बोट थांबलं. तिनं एकदम वर बघितलं, पदर नव्हता आणि तिला त्याची शुद्धही नव्हती.

"सर, ह्येच्यापायी तर न्हाई ना हो नापास केली? डोळा जास्ती काढला म्हून?"

मी भिंतीवरच्या यादीकडं बघू लागलो.

"मग पुसून दावा की त्या बाईंस्नी! बाई हायती आजून, जीप हितंच हाय. पोरीची जात, तिला वाटलं म्हून काढला. मला काय करायचाय डोळा? पुसा म्हंजे घेत्याल." तिनं कागद माझ्यापुढं धरला. "तुमच्याकडं रबर आसंल न्हवं?"

"ऱ्हाऊ दे आय," दुर्गी म्हणाली. "चल."

"आगं थांब. सर, हाय न्हवं रबर?"

रबर माझ्या शर्टाच्या खिशात होतं, त्या रविवारचंच. टेरिकॉटच्या पातळ कापडातून ते दिसत होतं आणि दुर्गी तिकडंच बघत होती.

"नाही हो, नागूबाई," मी म्हणालो. "माझ्याकडं नाही."